ऐकून निवडलेली वेबसाइट

भिकाजी नागवेकरांना रत्नागिरीतल्या निम्म्या सरकारी नोकरांनी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखत सगळे होते. तीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. फोन उचलला की "नमस्कार, बोला" एवढंच म्हणायचे, पण पलीकडचा माणूस रागावलेला असला तरी निवळायचा. चारशेच्या वर नंबर तोंडपाठ होते त्यांचे. डोळ्यांनी काम नाही म्हटल्यावर डोक्याने दुप्पट केलं, असं कचेरीतले लोक म्हणायचे.

मूळचे ते जवळच्याच आरे गावचे. वडील जहाजावर खलाशी होते, वर्षातले नऊ महिने बाहेर. भिकाजींना एकोणिसाव्या वर्षी संध्याकाळचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा वाळत चाललाय, औषध नाही. चोविसाव्या वर्षी उरलेला उजेडही गेला. पुढे मुंबईत जाऊन ऑपरेटरचं शिक्षण घेतलं, नोकरी लागली, लग्न झालं, शिरगावात घर बांधलं. मग मोबाइल आले. कचेरीतला टेलिफोनचा बोर्ड हळूहळू मुका झाला. शेवटची पाच-सहा वर्षं ते दिवसभर बोर्डासमोर बसायचे आणि चार फोन यायचे. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेब म्हणाले, "आता आराम करा." भिकाजी मनात म्हणाले, आराम करूनच दमलोय मी.

पण निवृत्तीनंतर फोन पुन्हा वाजायला लागला. कुणाच्या मावशीची दृष्टी चाललेली असायची, कुणाच्या भावाची. कोण कुठून नंबर द्यायचं देव जाणे. विचारायचे मात्र सगळे तेच. चहा कसा ओतायचा? पडवीपासून न्हाणीपर्यंत एकट्याने कसं जायचं? अपंगत्वाचा दाखला काढायला कुठल्या दिवशी जायचं? भिकाजी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. कपाच्या काठावरून आत बोट धरा, वाफ लागली की हात थांबवा. न्हाणीपर्यंत दोरी बांधा, कमरेच्या उंचीवर. पावसात छत्री घेऊ नका, छत्रीवरच्या पाण्याच्या आवाजात गाडीचा आवाज बुडतो. टोपीचा रेनकोटही नको, कान झाकतात. गडग्याला हात लावत चालू नका, दगडांच्या फटीत विंचू असतो.

एका दुपारी भिकाजींच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या, "अहो, तेच तेच किती वेळा सांगाल? एकदा लिहून ठेवा ना."

लिहायला भिकाजी आपल्या मोबाइलवर शिकले होते. फोनमधला आवाज प्रत्येक अक्षर वाचून दाखवायचा आणि बोटं पुढे जायची. दोन महिन्यांत चाळीस टिपणं झाली. सुरुवातीला ती ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. पण पाठवलेलं वर सरकून जायचं, लोक पुन्हा मागायचे.

आणि मग यमुनाबाईंचा फोन आला, दापोलीजवळच्या मुरुडहून. त्यांचा मुलगा संदेश, वय चौतीस, मुंबईत एका कंपनीची बस चालवायचा. त्याचीही दृष्टी अशीच आटत गेली. नोकरी सोडून घरी आला त्याला दहा महिने झाले होते. "ओटीच्या खाली उतरला नाय हो तो," यमुनाबाई म्हणाल्या. भिकाजी म्हणाले, त्याच्याकडे द्या फोन. संदेशने फोन घेतला. भिकाजी पंधरा मिनिटं बोलले. पलीकडून एवढंच आलं, "हां." तेही दोनदा.

फोन ठेवल्यावर भिकाजींना स्वतःचं चोविसावं वर्ष आठवलं. तेव्हा त्यांनाही कुणाशी बोलायचं नव्हतं. पण कुणाला न विचारता, भिंतीकडे तोंड करून, एकट्याला ऐकता आलं असतं असं काही असतं तर त्यांनी ते नक्की ऐकलं असतं. वेबसाइट काढायची हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

साळवी स्टॉपजवळ, एका पिठाच्या चक्कीच्या वरच्या खोलीत, नम्रता शिवलकर वेबसाइट तयार करून द्यायची. अडतीस-एकोणचाळीस वर्षांची, बोलायला झपाट्याची. आंबेवाले, घरगुती मुक्कामाच्या खोल्या देणारे, एखादा दाताचा डॉक्टर, अशी तिची गिऱ्हाइकं. भिकाजींचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "काका, आपल्याला एक सीएमएस निवडावा लागेल. म्हणजे वेबसाइटचं स्वयंपाकघर म्हणा. लोक पुढच्या पडवीत येऊन वाचणार. तुम्ही मागे बसून लिहायचं, दुरुस्त करायचं, बाहेर पाठवायचं. कुठलं घ्यायचं त्याची काळजी तुम्ही करू नका. मी सगळ्यांना एकच देते. एकदम सोपं आहे."

चार दिवसांत तिने साइट उभी केली आणि त्यांना बोलावलं. खुर्चीवर बसवलं. भिकाजींनी कानाला हेडफोन लावला आणि कळफलकावर बोटं ठेवली. कानात आवाज आला, "बटण. बटण. नाव नसलेलं बटण. गट. गटाबाहेर. बटण."

"लिहायची जागा कुठली?" त्यांनी विचारलं.

"हा काय, डाव्या बाजूचा डबा उचलायचा आणि मधे आणून सोडायचा. बस्स."

"उचलायचा कशाने?"

"माउसने," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

भिकाजींनी पुढे अर्धा तास प्रयत्न केला. एकदा नुसतं शीर्षक लिहिता आलं, पण ते कुठे गेलं ते सापडेना. शेवटी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "असू दे गो," ते म्हणाले. "मी मजकूर तुला पाठवीन, तू चढवत जा." असं सांगून मोकळं व्हायची त्यांना सवय होती. आयुष्यात अशा कितीतरी गोष्टी त्यांनी दुसऱ्याच्या हातात देऊन टाकल्या होत्या.

नम्रताची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग टक् करून एक बटण दाबलं गेलं. तिने स्क्रीन बंद केला होता.

"काका, तुम्ही त्या खुर्चीवर बसा. मी बसते इथे."

तिने तो हेडफोन लावला. खाली चक्की चालू होती, बंद झाली, पुन्हा चालू झाली. भिकाजी ऐकत बसले. कळ दाबल्याचे आवाज, मग थांबणं, मग एक उसासा, मग पुन्हा कळा. पाऊण तास झाला असेल. शेवटी नम्रताने हेडफोन काढला. तिचा आवाज बसला होता.

"काका, एक ओळसुद्धा टाकता आली नाही मला. आणि मी म्हणत होते सोपं आहे."

चाळीस वर्षांत लोकांनी त्यांना रस्ता ओलांडून दिला होता, हळहळ केली होती, मोठ्याने बोलून समजावलं होतं, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले आहेत. पण त्यांच्या जागेवर येऊन बसलेलं माणूस हे पहिलंच. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

पुढच्या सोमवारी नम्रतानेच फोन केला. "आधी मला सांगा, तुम्ही कधी लिहिता, कुठे लिहिता, कशावर लिहिता?"

हे तिने पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं आणि भिकाजींनी सांगितलंही नव्हतं. ते सांगायला लागले. लिहितो बहुतेक मोबाइलवर, दुपारी पडवीत. मोठं असलं तर कॉम्प्युटरवर. जुनी चाळीस आहेतच, आता महिन्याला दोन किंवा तीन टिपणं. वाचणाऱ्याचं म्हणाल तर मुरुडच्या त्या संदेशचा फोन जुना आहे, आणि त्यांच्या घरात रेंज येते ती मागच्या दारी. पान हलकं पाहिजे. आणि आणखी एक. कचेरीत बोर्ड बदलला तेव्हा जुन्या बोर्डात साठवलेले सगळे नंबर त्याच्याबरोबर भंगारात गेले होते. भिकाजींनी ते आठवून आठवून पुन्हा भरले. "तसं नको," ते म्हणाले. "ज्याच्या दारात साइट उभी आहे त्याने उद्या दार लावलं, तर माझं लिखाण उचलून मला दुसरीकडे जाता आलं पाहिजे."

नम्रता म्हणाली, "हे मी आंबेवाल्यांनाही विचारायला हवं होतं."

मग तिने दुसरा रस्ता काढला. यात स्वयंपाकघरच नव्हतं. प्रत्येक टिपण म्हणजे एक साधी फाइल. ती लिहायची, एक-दोन आज्ञा टाइप करायच्या, की पानं आपोआप तयार होऊन साइटवर जायची. चित्रं नाहीत, डबे नाहीत, सगळं अक्षरांतच. भिकाजींना ते फार आवडलं. जुना बोर्ड हाताळल्यासारखी त्यांची बोटं चालली. दोन दिवसांत शिकले, तिसऱ्या दिवशी पहिलं टिपण स्वतः चढवलं. घरी येऊन मथुराबाईंना म्हणाले, "आज कुणाला काही विचारलं नाही मी."

पाचव्या दिवशी मात्र गाडी अडली. आज्ञा दिली की आवाज इंग्रजीतल्या चाळीस ओळी वाचून दाखवायचा आणि साइट जिथल्या तिथे. अर्धा दिवस ते त्या ओळी ऐकत बसले. नम्रताने येऊन पाहिलं तर फाइलच्या सुरुवातीला एक अवतरणचिन्ह टाकायचं राहिलं होतं.

"काका, तुम्ही हे शिकाल," ती म्हणाली. "महिनाभरात माझ्यापेक्षा पुढे जाल. पण उद्या तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला यात लिहावंसं वाटलं तर?"

भिकाजींना हे रुचलं नाही. हातात आलेली गोष्ट सोडायची म्हणजे काय! ते घरी आले, जेवले, दोन दिवस त्याच पद्धतीने आणखी दोन टिपणं चढवली, तीही बिनचूक. पण डोक्यातून संदेश जाईना. दहा महिने ओटीवर बसलेल्या माणसाला इंग्रजीतल्या चाळीस ओळी कोण ऐकवणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी नम्रताला फोन केला. "दुसरं काय आहे ते दाखव."

दुसरं होतं वर्डप्रेस नावाचं स्वयंपाकघर. नम्रताला ते ठाऊक होतं, पण "जुनं झालं" म्हणून तिने बाजूला ठेवलं होतं. तिने त्यातला जुन्या धाटणीचा साधा संपादक बसवला. शीर्षकाची एक चौकट, मजकुराची एक चौकट, आणि "प्रकाशित करा" हे बटण, नावासकट. भिकाजींना दाखवण्याआधी तिने स्वतः स्क्रीन बंद करून तीन टिपणं टाकून पाहिली. साइटच्या तयार नमुन्यात सरकणारे फोटो होते, वरून टपकणाऱ्या जाहिरातीसारख्या खिडक्या होत्या. सगळं काढून टाकलं. मोबाइलवरून चालतं का ते पाहिलं. सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो हे भिकाजींना करून दाखवलं, आणि ती फाइल दर महिन्याला त्यांच्याकडे येईल अशी सोय लावली.

"जरा रिकामी रिकामी दिसते हो साइट," ती शेवटी म्हणाली.

"कुणाला?" भिकाजींनी विचारलं.

दोघंही इतके हसले की खालचा चक्कीवाला जिन्यात येऊन काय झालं विचारून गेला.

एक फोटो मात्र नम्रताने ठेवायचाच म्हटलं, आरे-वारेच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या समुद्राचा. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून फोटोमागे चार शब्द लिहावे लागतात. तिने लिहिलं, "समुद्र." भिकाजी म्हणाले, "समुद्र काय? नीट सांग. पाहिलाय मी तो." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. वळणावरून खाली बघितलं की आधी सुरूची झाडं, काळपट हिरवी. त्यांच्यामागे वाळूची पट्टी, मधे डोंगराचा सुळका आणि पलीकडे दुसरी पट्टी. पाणी काठाला मातकट आणि लांबवर निळं. नम्रता फोटो समोर धरून टाइप करत गेली. चाळीस वर्षांपूर्वीच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं ते, पण तिला दुरुस्ती करावी लागली फक्त रस्त्याकडेच्या कठड्याची. तो नंतर झाला होता.

साइटचं नाव ठेवलं "हाताच्या अंतरावर". जानेवारीत ती सुरू झाली. भिकाजींनी यमुनाबाईंना दुवा पाठवला आणि सांगितलं, त्याला ऐकायला सांगू नका, नुसता त्याच्या फोनवर ठेवून द्या.

अठरा दिवस काहीच आलं नाही. एकोणिसाव्या दिवशी चहाच्या टिपणाखाली एक प्रतिक्रिया होती. "चहा जमला. बोट भाजलं नाय. संदेश, मुरुड."

भिकाजींनी ती सहा वेळा ऐकली. मथुराबाईंना ऐकवली. नम्रताला फोन केला आणि तिला वाचायला लावली, तिच्या आवाजात ऐकावी म्हणून.

त्यानंतर संदेश दर तीन-चार दिवसांनी काहीतरी लिहायचा. दोरी बांधली. ओटी उतरलो. समुद्रापर्यंत गेलो, आई मागून येत होती, मला कळू नये म्हणून चप्पल काढून. मग एकदा त्याने लिहिलं की स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला रस्ता पायांनी आणि पाठीने आठवतो, त्याचा चालताना उपयोग होतो. भिकाजींनी त्याला फोन केला. "हे प्रतिक्रियेत कशाला? नीट लेख लिही तू." 

"मला जमेल काय काका?"

"मला जमलं. मग तुला का नाही?"

नम्रताने त्याला "लेखक" म्हणून प्रवेश दिला. त्याला त्याचं लिहिता येईल, दुसऱ्याचं मोडता येणार नाही, असा. संदेशने मुरुडमध्ये मागच्या दारी बसून, जुन्या फोनवरून, पहिला लेख एकट्याने चढवला. तो ऐकताना भिकाजींच्या मनात आलं, दुसऱ्या कुणाला लिहावंसं वाटलं तर काय, असं नम्रताने त्या दिवशी विचारलं नसतं तर मी माझ्यापुरताच सुखी झालो असतो.

हे सगळं मथुराबाई बघत होत्या. एका दुपारी शिवणाचं मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "मलापण एक नाव द्या त्यात."

"तू काय लिहिणार?"

"लिहिल्यावर कळेल."

नम्रता घरी येऊन त्यांना शिकवून गेली. नऊ दिवस मथुराबाई जेवणं झाल्यावर एका बोटाने टाइप करत होत्या. रविवारी सकाळी त्या आंघोळीला गेल्या आणि भिकाजींच्या फोनवर सूचना आली, नवीन लेख. शीर्षक होतं "डोळस माणसाने घरात काय करू नये."

भिकाजी पडवीत बसून ऐकायला लागले. दार अर्धवट उघडं ठेवू नये, एकतर पूर्ण लावावं नाहीतर पूर्ण उघडावं. बादली वाटेत ठेवू नये. खोलीतून जाताना "जाते" म्हणावं, नाहीतर माणूस भिंतीशी बोलत राहतो आणि मग त्याला लाज वाटते. सगळं खरं होतं, आणि यातलं काहीच मथुराबाईंनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. शेवटचा परिच्छेद असा होता:

"या घरात आलो तेव्हा फणसाच्या लाकडाचं मोठं कपाट मजुरांनी अर्धी खिडकी झाकेल असं ठेवलं. आमच्या ह्यांना दोन दिवसांत त्याची जागा पाठ झाली. नंतर मला वाटत होतं, ते हलवावं, म्हणजे शिवणाला उजेड येईल. पण पाठ झालेली जागा मोडली तर ह्यांना लागेल, म्हणून राहू दिलं. सत्तावीस वर्षं झाली. मी दारात बसून शिवते. तक्रार नाही. पण नवीन बायकांना सांगते, विचारावं. माणसाला दिसत नाही, पण समजतं. मी विचारलं नाही ही माझीच चूक."

भिकाजी उठले आणि आत गेले. कपाटाच्या कडेला हात लावला आणि भिंतीवरून सरकवत गेले. त्या खोलीची खिडकी एका झडपेची आहे, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. कपाटामागे बोटं घातली तेव्हा दुसऱ्या झडपेची कडी लागली, गंजलेली.

मथुराबाई केस पुसत आत आल्या.

"मथुरे," ते म्हणाले, "कपाट हलवूया."

"आत्ता? पेज चुलीवर आहे."

"असू दे. आधी हे."

त्यांनी आतले कपडे, पितळी डबे, लग्नातल्या साड्या, सगळं खाली काढलं. शेजारच्या सोनूबाई आणि त्यांचे यजमान हात लावायला आले. कपाट पलीकडच्या भिंतीशी गेलं. मथुराबाईंनी दुसरी झडप उघडली. ती करकरली आणि एकदम बाहेरचा वारा आत आला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काय नाय. केवढी धूळ आहे बघा ना खिडकीला," त्या म्हणाल्या.

दुपारी भिकाजींनी नम्रताला फोन लावला. आभार कसे मानायचे ते त्यांना सुचेना. तीस वर्षं लोकांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवलेला माणूस, पण स्वतःचं पोचवायला शब्द सापडत नव्हते. शेवटी म्हणाले, "नम्रता, प्रसिद्ध झालेल्या टिपणात बदल कसा करायचा ते सांग पुन्हा एकदा."

तिने सांगितलं. चौथ्या टिपणात त्यांनी ठासून लिहिलं होतं, घरातलं सामान कुणालाही कधीही हलवू देऊ नका. ते वाक्य त्यांनी शोधलं, एकेक अक्षर खोडलं आणि तिथे लिहिलं, "सामान हलवायच्या आधी तुम्हाला विचारायला सांगा. आणि तुम्हीही घरच्यांना विचारा, त्यांना उजेड कुठे हवा आहे." मग बटणावर आले. आवाज म्हणाला, "अद्ययावत करा." त्यांनी दाबलं.

त्या आठवड्यात त्यांचा गुडघा कपाटाला तीनदा आपटला. तिसऱ्या वेळी मथुराबाई मशीनवरून हसल्या आणि मशीन न थांबवताच म्हणाल्या, "दोन पावलं डावीकडे."